इंग्लिशमधलं ‘गेट’ वापरताना या चुका टाळा

‘गेट’ म्हणजे मिळणे, एवढंच पाठ करून ठेवलेलं असतं आणि मग ‘गेट टायर्ड’, ‘गेट होम’ असं काही आलं की गाडी अडते. गेटचा अर्थ त्याच्या पुढे काय आलंय त्यावर ठरतो. पुढे वस्तू असेल तर मिळणं किंवा आणणं, टायर्ड-अँग्रीसारखं विशेषण असेल तर होणं, जागा असेल तर पोचणं.

जागेच्या बाबतीत एक सांभाळा, ‘गेट टू द स्टेशन’ बरोबर पण ‘गेट टू होम’ चूक. होम, हिअर, देअरच्या आधी टू लागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुसऱ्याकडून काम करवून घेतलं हे सांगताना. केस सलूनमध्ये कापून घेतलेले असतात आणि आपण म्हणतो ‘आय कट माय हेअर’, ऐकणाऱ्याला वाटू शकतं की स्वतःच कात्री चालवली. तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणा, म्हणजे आधी वस्तू आणि मग क्रियापदाचं तिसरं रूप, हा क्रम उलटा केला की वाक्य मोडतं. काम कुणी केलं तेही सांगायचं असेल तर टू येतो, ‘आय गॉट हिम टू फिक्स द लॅपटॉप’. हाच टू लोक मेकलाही लावतात, तो काढा, ‘आय मेड हिम फिक्स इट’ एवढंच. आणि दोन्हींचा अर्थ एक नाही बरं का, मेकमध्ये बऱ्याचदा जबरदस्ती असते, गेटमध्ये समजावून, मागे लागून तयार केलेलं असतं.

‘डिड यू गॉट माय मेल’ तर रोज दिसतं. डिडमध्येच भूतकाळ आलाय, पुढे साधं गेट.

बसमधून उतरताना ‘गेट डाउन’ नको, ‘गेट ऑफ’. पण कार-टॅक्सीसाठी ‘गेट आउट ऑफ’. बस, ट्रेन, विमान, जिथे आत उभं राहून चालता येतं तिथे ऑन-ऑफ, आणि सायकल, घोडा, ज्यावर टांग टाकून बसतो तिथेही ऑन-ऑफच.

राहिलं ‘गॉटन’, म्हणजे गेटचंच तिसरं रूप. ते चूक नाही, अमेरिकेत सर्रास चालतं, ब्रिटिश लोक सहसा गॉटच म्हणतात. मात्र अमेरिकन माणूस ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणाला तर त्याच्याकडे गाडी आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणाला तर त्यानं ती घेतलीये किंवा मिळवलीये.