श्रूजबरीला जायचं तर

सगळ्यात आधी वार ठरवा. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळ असलेलं श्रूजबरी हे बाजाराचं गाव आहे, आणि बाजार बंद असताना तिथे गेलात तर निम्मं गाव बघायचं राहून जातं. मार्केट हॉलची आताची इमारत १९६५ सालची, घड्याळाच्या उंच मनोऱ्याची. आत भाजी, चीज, मासळी, जुनी पुस्तकं आणि खाण्याचे गाळे एकाच छपराखाली आहेत. रविवार-सोमवारी बाजार नसतो, म्हणून मंगळवार ते शनिवार यांतला दिवस धरा, वेळा निघण्यापूर्वी एकदा तपासा आणि सकाळीच पोचा.

गाडीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त पडेल. लंडनहून येताना बहुतेकदा बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन किंवा क्रू इथे गाडी बदलावी लागते. बर्मिंगहॅमपासून पुढे साधारण तासाभराचा प्रवास. स्टेशन किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी आहे, त्यामुळे मोटार नेण्याची गरज नाही. जुनं गाव सेव्हर्न नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणात बसलंय आणि पायीच बघायचं आहे. हिवाळ्यात जाणार असाल तर पुराचे इशारे जरूर बघा, कारण सेव्हर्न फुगली की वेल्श ब्रिजजवळचा फ्रँकवेलचा भाग आधी पाण्यात जातो.

बूट चांगल्या पकडीचे हवेत. वाईल कॉपचा रस्ता चढाचा आहे, आणि गावातल्या अरुंद बोळांमध्ये, ज्यांना तिथे ‘शट’ म्हणतात, पावसात फरशी निसरडी होते. छत्रीपेक्षा टोपीचं पावसाळी जाकीट बरं, कारण त्या बोळांत दोन छत्र्या शेजारून जात नाहीत. कापडी पिशवी घ्या. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी लहान गाळ्यांसाठी थोडी सुटी नाणी खिशात असू द्या.

आता सामानात न मावणारी तयारी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. गावच्या मुख्य चौकात, ज्याला नुसतं ‘द स्क्वेअर’ म्हणतात, १५९६ मध्ये बांधलेला दगडी ओल्ड मार्केट हॉल आहे. खाली धान्य विकलं जाई, वर वेल्समधून येणाऱ्या लोकरी कापडाचे सौदे होत. खालच्या कमानीत एका खांबावर भोकांच्या ओळी आहेत. किती माल विकला गेला याचा हिशोब त्यांत खुंट्या सरकवून ठेवत. त्या शोधाच. आणि त्याच चौकात उभा आहे रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा, १८६० मध्ये बसवलेला. क्लाइव्ह १७६१ पासून मरेपर्यंत या गावाचा खासदार होता आणि १७६२ मध्ये महापौरही.

प्लासी सगळ्यांना शाळेत शिकवलेली असते. पण प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच क्लाइव्ह विजयदुर्गावर होता. समुद्राकडून अ‍ॅडमिरल वॉटसनच्या तोफा, जमिनीवर क्लाइव्हची फौज, आणि समोर कोकणचे सरदार तुळाजी आंग्रे यांचं आरमार. आंग्र्यांची जहाजं बंदरातच जळाली. पेशवे नानासाहेब या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते, हे वाचताना आजही जीव तुटतो. म्हणून जाण्यापूर्वी एक संध्याकाळ या मोहिमेसाठी ठेवा, आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना विजयदुर्गाचा नकाशा दाखवून मगच त्या चौकात न्या. पुतळा हटवावा म्हणून २०२० मध्ये हजारो लोकांनी सह्या केल्या होत्या. काउन्सिलने तो ठेवायचं ठरवलं. हा पुतळा कुणाचा आणि आपला त्याच्याशी काय संबंध, हे माहीत असलेल्या मराठी माणसाने तिथे थांबून तो नीट बघावा असं मला वाटतं.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींना बाजारात पोटभर मिळतं, पण ‘फिजेट पाय’ हे त्या भागातलं नावाजलेलं पक्वान्न सफरचंद आणि कांद्याबरोबर डुकराच्या मांसाचं असतं, तेव्हा मागवण्यापूर्वी विचारा. आणि अर्थातच बिस्किटं! पुण्याच्या कयानी बेकरीसमोर रांगेत उभं राहून श्रूजबरी घेतलेल्या माणसाने कासल स्ट्रीटवरची पाटी बघायलाच हवी. पॅलिन नावाच्या बेकरीवाल्याने १७६० मध्ये या जागी श्रूजबरी केक केले, असं ती सांगते. चव मात्र कॅम्पातली अपेक्षू नका. इथली बिस्किटं वेगळ्या वळणाची आहेत, तीही मन लावून खाण्यासारखी.

चार्ल्स डार्विन १८०९ मध्ये इथेच जन्मला. तो शिकला ती शाळेची इमारत आता वाचनालय आहे आणि दारात त्याचा पुतळा आहे. स्टेशनवरून चौकाकडे जातानाच लागतो. पायात बळ उरलं तर गावाच्या उत्तरेची १७९७ ची फ्लॅक्स मिल बघा. लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली ही जगातली पहिली इमारत, आणि आजच्या गगनचुंबी इमारतींचा वंश तिच्यापासून सुरू होतो.

शक्य असेल तर एक रात्र मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी वेल्शपूलची गाडी पकडून पॉविस कासलला जाता येतं. क्लाइव्ह आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू तिथे आहेत, टिपू सुलतानाचा तंबू त्यांतच. किल्ल्याची तिकिटं काढण्यापूर्वी, त्या दिवशी क्लाइव्ह संग्रहाचं दालन उघडं आहे ना, तेवढं विचारून घ्या.