कामाच्या आठवड्यात बुद्धिबळाचा अभ्यास कसा बसवावा

उद्यमबागेतील कारखान्यात पाळीने काम करणारा तरुण, खानापुराहून रोज रेल्वेने बेळगावला येणारी शिक्षिका किंवा निपाणी-चिकोडी भागात ऊसतोडीच्या हंगामात अडकलेला शेतकरी, यांपैकी कोणालाही रोज दोन तास पटासमोर बसणे शक्य नसते. म्हणून वेळापत्रक आखण्यापूर्वी आपले डोके कोणत्या वेळी ताजे असते हे पाहावे आणि ती वेळ, मग ती आठवड्यातून एकदाच मिळत असली तरी, सर्वांत अवघड कामासाठी राखून ठेवावी. हे अवघड काम म्हणजे स्वतः खेळलेल्या एका डावाची तपासणी.

त्यासाठी आठवड्यात एक तरी डाव सावकाश खेळला पाहिजे. प्रत्येकी पंधरा मिनिटे आणि दर चालीला दहा सेकंदांची वाढ असा डाव चाळीस चालींपर्यंत गेला, तरी दोघांचा मिळून पाऊण तासाच्या आत संपतो. पाळी नसलेल्या सकाळी किंवा सुटीच्या दिवशी तेवढा वेळ काढता येतो. रात्री जेवणानंतर मोबाईलवर पाच-पाच मिनिटांचे डाव लागोपाठ खेळण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे. मनोरंजन म्हणून त्याला कोणाची हरकत नसावी, परंतु त्याला अभ्यास समजू नये, कारण विचाराला वेळच नसल्याने तीच चूक पुन्हा पुन्हा घडते आणि लक्षातही येत नाही.

डाव संपल्यावर लगेच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक-प्रोग्राम, लावू नये. आधी वही घेऊन चाली उतरवाव्यात, जिथे सर्वांत जास्त वेळ थांबलो ती जागा खुणेने दाखवावी आणि ती चाल का केली, दुसरी कोणती मनात होती व ती का सोडली, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. मगच इंजिनचे उत्तर पाहावे. इंजिन योग्य चाल दाखवते. ती आपल्याला का दिसली नाही हे मात्र आपल्या वहीतूनच कळते. प्रतिस्पर्ध्याची धमकी पाहिलीच नाही, हिशेब एक चाल आधीच थांबवला, नको तिथे मोहऱ्यांची अदलाबदल केली, की घड्याळाकडे दुर्लक्ष झाले, यांपैकी कारण कोणते ते डावाखाली नोंदवावे. काही आठवड्यांनी वही चाळली की एखादे कारण वरचेवर आलेले दिसेल, आणि पुढचा अभ्यास त्याच्याभोवतीच बांधावा. माझ्या मते ही वही कोणत्याही महागड्या शिकवणीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

प्रवासाचा वेळ कोड्यांसाठी वापरावा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर पिन (मागच्या मोलाच्या मोहऱ्यामुळे पुढचे अडकणे), फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला), दोन चालींत मात असे विषय निवडून कोडी विनामूल्य सोडवता येतात, तेव्हा वहीत जी चूक वारंवार दिसते तिच्याशी जुळणारा विषय घ्यावा. मात्र शेवटच्या चालीपर्यंतचा सगळा क्रम मनात पक्का झाल्याशिवाय पडद्यावरील मोहरे हलवू नये. गाडीत रेंज जात असेल, तर कोड्यांचे पातळ पुस्तक पिशवीत ठेवावे. थकलेल्या अवस्थेत पन्नास कोडी घाईने सोडवण्यापेक्षा पाच पूर्ण पाहिलेली बरी.

संध्याकाळी दहा मिनिटेच मिळत असतील, तर राजा आणि प्यादे यांचे एंडगेम, म्हणजे डावाचे शेवटचे टप्पे, घ्यावेत, कारण त्यांत पटावर मोहरी मोजकी असतात आणि निष्कर्ष निश्चित असतात. पांढरा राजा ई६ वर (अक्षर उभ्या रांगेचे, आकडा आडव्या ओळीचा), त्याचे प्यादे ई५ वर आणि काळा राजा ई८ वर असेल, तर चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. हीच मांडणी एक ओळ मागे घेऊन राजा ई५, प्यादे ई४ आणि काळा राजा ई७ अशी केली, की पांढऱ्याची चाल असल्यास डाव बरोबरीत सुटतो आणि काळ्याची असल्यास पांढरा जिंकतो. हा फरक खऱ्या पटावर, स्वतःच्या हाताने दोन्ही बाजू खेळून पाहावा. प्यादे पटाच्या कडेच्या उभ्या रांगेत असेल आणि बचाव करणारा राजा त्याच्यासमोरच्या कोपऱ्यात पोहोचला, तर बरोबरी होते, हेही त्याच आठवड्यात पाहून घ्यावे. हत्तींचे एंडगेम त्यानंतर.

ओपनिंगवर, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींवर, फार वेळ घालवू नये. पांढऱ्यासाठी एक, राजासमोरच्या प्याद्याला उत्तर म्हणून एक आणि वजिरासमोरच्या प्याद्याला उत्तर म्हणून एक, एवढ्या पुरतात. डाव झाल्यावर आपण कुठे वाट सोडली तेवढेच पाहावे.

समोर बसणारा जोडीदार मिळाला, तर आठवड्याचा डाव त्याच्याशीच खेळावा आणि तपासणीही दोघांनी मिळून करावी. आपल्या भागाला सांगली जवळ आहे, हे भाग्यच म्हणावे लागेल. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभ्या केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे त्या शहरात स्पर्धांची दीर्घ परंपरा आहे, आणि बेळगावहून मिरजमार्गे रेल्वेने तिथे जाता येते. अशा खुल्या स्पर्धेला जायचे ठरवले, तर आधीच्या आठवड्यात नवे काही शिकू नये, फक्त वहीतील नोंदी वाचाव्यात. गणेशोत्सवात किंवा ऊस कारखान्याला जाण्याच्या दिवसांत सगळे वेळापत्रक कोलमडणारच. तेव्हा सावकाश डाव आणि त्याची तपासणी तेवढी टिकवावी, बाकी सर्व निःसंकोच सोडून द्यावे आणि नंतर जिथे थांबलो तिथूनच पुढे जावे.