भाड्याने देण्यासाठी मुंबईत घर घेताना : टोकन देण्यापूर्वी करायच्या गोष्टी

मुंबईत घर पाहायला निघालेला माणूस बहुधा आपल्याला तिथे राहायचे आहे अशाच नजरेने घर पाहतो. हवा खेळती आहे का, देवघराला जागा कुठे करता येईल, गॅलरीतून काय दिसते, हे सगळे प्रश्न राहणाऱ्याचे आहेत. भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्याने ते जरा बाजूला ठेवून, टोकन म्हणजे इसाऱ्याची रक्कम देण्याआधी, तीन गोष्टींची उत्तरे शोधावीत : या घरात कोण राहायला येईल, वर्षाकाठी हातात नेमके किती उरेल, आणि भाडेकराराची मुदत संपल्यावर घर विनातक्रार परत मिळेल का. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने जात नाहीत, कारण हिशेब जमत नसेल तर बाकीचे पाहण्यात रविवार वाया घालवण्यात अर्थ नाही.

पायरी 1 : हिशेब कागदावर मांडा

उदाहरण म्हणून असे धरू, की कांदिवली पूर्वेला 430 चौरस फूट चटई क्षेत्राचा वन बीएचके 1 कोटी 10 लाख रुपयांना मिळतो आहे आणि त्याला दरमहा 28,000 रुपये भाडे येईल. वर्षाचे झाले 3,36,000, म्हणजे किमतीच्या तीन टक्क्यांहून किंचित जास्त. एजंट सहसा इथेच गणित थांबवतो. आपण पुढे जायचे.

मुंबईत मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क 6 टक्के आहे (खरेदी फक्त महिलेच्या नावे असल्यास 5 टक्के), आणि ते करारातील किंमत व रेडी रेकनरची (शासनाने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने येणारी) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. म्हणजे 6 लाख 60 हजार. नोंदणी शुल्क 30,000 रुपये, एजंटची 1 टक्का दलाली 1 लाख 10 हजार, आणि रंग, गीझर, पंखे, ओट्याखालच्या ट्रॉल्या यांसाठी 2 लाख. घर खऱ्या अर्थाने 1 कोटी 20 लाखांना पडले.

आता मिळकतीची बाजू पाहा. दोन भाडेकरूंच्या मधे घर महिनाभर रिकामे राहते असे धरून 28,000 वजा करा. मेंटेनन्स महिना साडेचार हजार धरला तर वर्षाचे 54,000. गृहनिर्माण संस्थेचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) साधारण 3,600, नव्या भाडेकरूसाठी एजंटला एका महिन्याचे भाडे, आणि नळ, गळती, रंगाचा हात अशा किरकोळ दुरुस्त्यांना 15,000. हाती उरले 2,07,400, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर पावणेदोन टक्क्यांच्या आत-बाहेर. मुदत ठेवीत याहून जास्त व्याज मिळते. उरलेला फायदा घराची किंमत वाढण्यावर अवलंबून आहे, आणि ती वाढ हा अंदाज आहे, उत्पन्न नव्हे, हे स्वतःशी कबूल करूनच पुढे जावे.

कर्ज काढणार असाल तर आणखी एक आकडा लिहा. 80 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे 69,400 रुपये येतो. 28,000 भाड्यातून तो फिटणार नाही. दरमहा चाळीस हजारांहून अधिक रक्कम पगारातून घालावी लागेल, आणि घर रिकामे असेल त्या महिन्यात पूर्ण हप्ता. ‘भाड्यातून हप्ता सुटतो’ हे वाक्य मुंबईत फार ऐकू येते. जवळजवळ सगळी रक्कम आधीच रोख भरली असेल तरच ते खरे ठरते.

पायरी 2 : भाडेकरू कोण, ते आधी ठरवा

मुंबईत भाडे ठरते ते कामाच्या जागेपासून लागणाऱ्या वेळेवर. मरोळ-सीप्झच्या आसपास, पवईत, गोरेगाव-मालाडच्या कार्यालयीन संकुलांजवळ नोकरदार जोडपी आणि तिघे-चौघे मिळून राहणारी मुले घर शोधतात. परळला रुग्णालयांमुळे शिकाऊ डॉक्टर, परिचारिका आणि उपचारांसाठी काही महिने राहणारी कुटुंबे येतात. उपनगरात चांगल्या शाळेजवळचे दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतलेले कुटुंब मूल दहावी होईपर्यंत सहसा हलत नाही, म्हणून थोडे कमी भाडे घेऊनही असे कुटुंब मला अधिक परवडते.

जागा निवडल्यावर एका कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला तिथे जावे. इमारतीच्या फाटकापासून स्टेशनपर्यंत किंवा मेट्रोपर्यंत स्वतः चालत जावे आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहून घड्याळ पाहावे. ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ ही जाहिरात रविवारी दुपारी खरी असते, सोमवारी सकाळी ती पंचवीस मिनिटे होते, आणि भाडेकरूला ती पंचवीस मिनिटे रोज मोजायची असतात. पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या मेट्रो 7 मुळे पूर्वेकडच्या काही भागांचा हा हिशेब बदलला आहे, पण तिथेही इमारतीपासून स्थानकापर्यंतचा रस्ता पायी पाहिलाच पाहिजे.

त्याच परिसरातल्या दोन-तीन एजंटांना भाड्याने घर हवे आहे असे सांगून विचारावे. घर विकताना सांगितले जाणारे भाडे आणि भाडेकरूला सांगितले जाणारे भाडे यांत फरक आढळला, तर दुसरा आकडा धरावा.

पायरी 3 : घर पावसाळ्यात पाहा

माझी एक चूक इथे सांगण्यासारखी आहे. एक घर मी जानेवारीत पाहिले. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता, आणि त्याचे मला कौतुकच वाटले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भाडेकरूने फोटो पाठवला : बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यापासून पलंगाच्या उशापर्यंत ओल उतरली होती आणि रंगाचे पापुद्रे गादीवर पडले होते. बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती संस्थेने करायची, आणि संस्थेचा ठराव व्हायला पुढचा मार्च उजाडला. तोवर तो भाडेकरू सोडून गेला होता.

तेव्हा शक्य असेल तर जून ते सप्टेंबरमध्येच घर पाहावे. ते जमणार नसेल तर कपाटांच्या मागच्या भिंती, बाथरूमचे छत आणि सर्वात वरच्या मजल्यावरचा स्लॅब हात लावून पाहावा, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला वरून गळते का, हे विचारावे. पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे पहारेकऱ्याइतके खरे कोणी सांगत नाही.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तिचा अहवाल मागून पाहावा. जुन्या इमारतीत पुनर्विकासाची आशा दाखवून जादा किंमत मागितली जाते. ती आशा कधी फळेल याचा भरवसा नसतो, आणि इमारत रिकामी होईपर्यंत मोडकळीला आलेल्या घराला चांगला भाडेकरू मिळत नाही.

पायरी 4 : कागदपत्रे

पहिल्यांदाच घरमालक होणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य झाल्याचा महापालिकेचा दाखला, ओसी) मिळालेले तयार घर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बांधकाम चालू असलेल्या घराचे भाडे सुरू होत नाही, हप्ता मात्र सुरू होतो, शिवाय त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत पाण्याचे दर वाढीव लागतात आणि कर्ज मिळण्यातही अडचण येते.

बाकीची यादी परिचित आहे : पहिल्या खरेदीपासूनच्या करारांची अखंड साखळी, प्रत्येकाची सूची क्रमांक 2 (नोंदणीचा गोषवारा, इंडेक्स टू), भाग प्रमाणपत्र (संस्थेचे शेअर सर्टिफिकेट), संस्थेकडून थकबाकी नसल्याचा दाखला, वीजबिल, आणि मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल. हे सारे वकिलाकडून तपासून घ्यावे. म्हाडा किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतले घर असेल तर ते किती काळ विकता येत नाही आणि तो काळ संपला आहे का, हे संबंधित कार्यालयाकडून लेखी मिळाल्याशिवाय टोकन देऊ नये. पागडीचे घर हा पूर्णपणे वेगळा व्यवहार आहे. तिथे विकत मिळतो तो भाडेहक्क, मालकी नव्हे. नवख्याने त्यात शिरू नये.

पायरी 5 : संस्थेच्या सचिवांना भेटा

घर पसंत पडल्यावर आणि टोकनपूर्वी सचिवांशी एकदा बोलून घ्यावे. भाडेकरू ठेवलेल्या घरावर संस्था नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावू शकते, पण ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावेत, अशी मर्यादा शासनाने 2001 मध्ये घातली आहे. येथे सेवा शुल्क म्हणजे मेंटेनन्सचे संपूर्ण बिल नव्हे, मालमत्ता करासारख्या बाबी त्यात येत नाहीत. त्यामुळे बिलावरची ती ओळ स्वतः तपासावी.

‘आमच्याकडे बॅचलर चालत नाहीत’ हे वाक्य अनेक संस्थांत ऐकू येते. त्यामागचा कायदेशीर आधार कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न, पण तिघा मुलांना घर देण्याच्या हिशेबाने तुम्ही 35,000 भाडे धरले असेल आणि समिती रोज फाटकावर त्यांना अडवणार असेल, तर ते भाडे कागदावरच राहील.

महापालिका हद्दीत 500 चौरस फूट किंवा त्याहून कमी चटई क्षेत्राच्या निवासी घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. मोठ्या घरासाठी तो पायरी 1 च्या हिशेबात मिळवा.

पायरी 6 : लिव्ह अँड लायसन्स करार

ही पायरी सर्वात महत्त्वाची आहे आणि सर्वात जास्त हलगर्जी याच पायरीवर होते. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याचा परवाना देणारा भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे हा करार लेखी असणे आणि नोंदवलेला असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत इथे लागू होत नाही. अकरा महिन्यांची प्रथा आपण नुसती सवयीने पाळतो, प्रत्यक्षात साठ महिन्यांपर्यंतचा परवाना देता येतो. शंभर-पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतलेला करार नोंदणीची जागा घेत नाही. करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

याउलट नोंदणीचा खर्च किरकोळ आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत करायच्या अनामत रकमेवरील वार्षिक 10 टक्के व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के लागते. अकरा महिन्यांचे 28,000 प्रमाणे भाडे आणि एक लाख अनामत असेल तर हे शुल्क साधारण 800 रुपये होते, आणि शहरी भागातले नोंदणी शुल्क 1,000 रुपये. नोंदणी ऑनलाइन होते : एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, दोघांचे फोटो आणि अंगठे घेतो, आणि चहा होईपर्यंत काम आटोपते.

मुदत संपूनही घर सोडले नाही तर याच कायद्यानुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी परवाना शुल्काच्या (म्हणजे करारातल्या भाड्याच्या) दुप्पट दराने भरपाई मागता येते. हे बळ नोंदवलेल्या करारामुळे मिळते.

‘हेवी डिपॉझिट’वर, म्हणजे मोठी अनामत घेऊन नाममात्र भाड्यावर घर देण्याची पद्धतही मुंबईत आहे. ती रक्कम दुसऱ्या कर्जात वळती करून टाकणारे घरमालक मुदत संपताना ती परत कशी करायची या विवंचनेत सापडतात. पहिल्या घरासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

पायरी 7 : प्राप्तिकर

भाड्यातून तुम्ही भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर 30 टक्के ठोक वजावट मिळते. मेंटेनन्स आणि दुरुस्तीची वेगळी वजावट नाही, ती या 30 टक्क्यांत धरली आहे. गृहकर्जाचे व्याजही वजा होते. त्यातून तोटा आला तर जुन्या करप्रणालीत 2 लाखांपर्यंतचा तोटा पगारासारख्या उत्पन्नातून वळता करता येतो, नव्या प्रणालीत तो करता येत नाही. कर वाचेल म्हणून कर्ज काढणाऱ्यांनी आपण कोणत्या प्रणालीत आहोत, हे आधी पाहावे.

पायरी 8 : चावी देण्याचा दिवस

नोंदवलेल्या कराराची प्रत संस्थेला द्यावी आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवावी. मग भाडेकरूसोबत घरात उभे राहून वीज आणि गॅसच्या मीटरचे आकडे दिसतील असे फोटो काढावेत, प्रत्येक नळ सोडून पाहावा, पंखे-दिवे मोजून लिहावेत, आणि आधीपासून असलेले ओरखडेही त्याच यादीत नोंदवावेत. यादीवर दोघांच्या सह्या होऊन एकेक प्रत दोघांकडे गेली, की मगच चावी हातात द्यावी.