रिओहाची ताजी रेड वाईन कशी करतात: घड फोडायचा नाही, अख्खाच टाकायचा

स्पेनच्या रिओहा या वाईनच्या प्रदेशाचं नाव निघालं की लोक लगेच ओकच्या बॅरलवर येतात. पण तिथल्याच रिओहा अलावेसा भागात, लाग्वार्दिया गावाच्या आसपास, छोटे शेतकरी बॅरलशिवाय जी ताजी रेड करतात ती द्राक्षवाल्यांनी आधी समजून घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण त्यात सगळं काम माल, म्हणजे द्राक्षंच करतात.

सुरुवात छाटणीपासून. मुख्य जात तेम्प्रानियो, आणि जुन्या बागांना ना मांडव ना तार, वेल झुडपासारखा बुटका ठेवतात. तीन ओलांडे (खोडाच्या कायमच्या फांद्या), प्रत्येकावर दोन आखूड काड्या, काडीला दोन डोळे (फुटवे येणाऱ्या कळ्या), म्हणजे 12 डोळे झाले की बस. आपल्या नाशिक-सांगलीसारखी एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी अशा वर्षात दोन छाटण्या तिकडे नसतात, थंडीत वेल पूर्ण झोपतो म्हणून हिवाळ्यात एकच छाटणी. भुरी या बुरशीच्या रोगाला तिथेही गंधकच. आणि जास्त माल धरायचा मोह नको, रेडला हेक्टरी 6500 किलोची मर्यादाच घातलेली आहे.

तोडणी साधारण सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, 22 ते 24 आलं म्हणून लगेच कात्री लावू नका, देठ बघा, तो हिरवागार असेल तर थांबा कारण इथे देठासकट घड टाकीत जातो आणि कच्चा देठ वाईन कडवट करतो. हाताने तोडा, क्रेट लहान घ्या, खालचे घड चेंगरता कामा नयेत.

आता खरी गंमत. दगडी किंवा सिमेंटच्या उघड्या टाकीत, तिला लागो म्हणतात, अख्खे घड ओतायचे. तळाचे मणी वरच्या वजनाने फुटतात, तो रस आंबायला लागतो, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे हवेला वर ढकलतो आणि मग वरच्या अख्ख्या मण्यांना ऑक्सिजनच मिळत नाही. अशा वेळी मण्याच्या आतच, यीस्टशिवाय, थोड्या साखरेचं अल्कोहोल होतं, फार तर 2 टक्के, मॅलिक आम्ल उतरतं आणि सालीतला रंग गरात येतो. चारपाच दिवसांनी एक मणी काढून दाबून बघा, बाहेरून अगदी धड, पण आतला गर लालसर आणि जिभेवर किंचित चुणचुण. यातूनच येतो तो फळाचा वास, जो द्राक्षं आधीच चिरडली तर येत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा, आंबणाऱ्या टाकीत एकट्याने कधीही उतरू नका. जुनी माणसं मेणबत्ती खाली सोडून बघायची, ती विझली की आत जायचं नाही, पण नुसत्या मेणबत्तीवर भरवसा नको, गॅस मीटर आणि पंखा हवाच, या गॅसने माणसं गेलेली आहेत.

आठवडा-दहा दिवसांनी खालची तोटी उघडा. आपोआप वाहून येते ती पहिली वाईन, लाग्रिमा. मग घड पायांनी तुडवून, काट्याने उलथून घ्यायचे, आतापर्यंत धड राहिलेले मणी फुटतात आणि जी येते ती कोराझोन, माझ्या मते सगळ्यात भारी तीच. उरलेला चोथा प्रेसला, त्याची वाईन जरा राठ. तिन्ही वेगळ्या ठेवा, चव घेऊन मगच काय मिसळायचं ते ठरवा. फुटलेल्या मण्यांतून अजून साखर येते, म्हणून दुसऱ्या टाकीत ती पूर्ण संपेपर्यंत आंबू द्या, नाहीतर बाटलीत परत आंबायला लागेल.

क्रियान्सा, म्हणजे बॅरलमध्ये मुरवलेल्या रिओहाचा रस्ता वेगळा, त्याला एकूण दोन वर्षं लागतात आणि त्यातलं निदान एक 225 लिटरच्या बॅरलमध्ये. ही ताजी मात्र नवीन वर्षाच्या सुमारास तयार असते, जरा गारच प्या, 14 डिग्रीच्या आसपास, आणि वर्षाच्या आत संपवा.