आपट्यांचा संस्कृत कोश कसा वापरायचा

आपल्या कोल्हापुरात संस्कृत घेतलेली बरीच पोरं वामन शिवराम आपट्यांचा कोश उघडतात, शब्द सापडला नाही की बंद करतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं कारण हा माणूस इथंच राजाराम हायस्कूलमध्ये शिकला. जन्म 1858 चा, सावंतवाडीकडचा, वडील गेल्यावर आई पोरांना घेऊन कोल्हापूरला आली, पुढं तीही गेली, तेव्हा हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंट्यांनी या हुशार पोराला आधार दिला. मग डेक्कन कॉलेजात शिक्षण, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवणं, 1885 ला फर्ग्युसनचे पहिले प्रिन्सिपॉल, आणि 1892 ला गेले पण. एवढ्याशा आयुष्यात विद्यार्थ्यांसाठी संस्कृत वाक्यरचनेचं गाइड, इंग्रजी-संस्कृत कोश आणि 1890 चा हा मोठा संस्कृत-इंग्रजी कोश!

तर कोश उघडायच्या आधी संधी सोडवा, विभक्ती काढा आणि मूळ शब्दावर या. राजा शोधू नका, राजन् शोधा. पिता नाही, पितृ. गच्छति साठी गम्, पश्यति साठी दृश्, पिबति साठी पा. इथंच निम्मी पोरं अडकतात, म्हणून शब्दरूपं-धातुरूपं पाठ पाहिजेतच, त्याला शॉर्टकट नाही. क्ष आणि ज्ञ शेवटी नसतात बरं का, क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये बघायचा. अनुस्वाराचा शब्द मिळाला नाही तर अनुनासिक लिहून बघा, म्हणजे संग नाही तर सङ्ग. समास पहिल्या पदाखाली असतात, राजपुत्र हवा असेल तर राजन् च्या नोंदीत खाली जा.

धातूपुढचा आकडा म्हणजे गण, म्हणजे धातूंच्या दहा गटांपैकी त्याचा गट, आणि इंग्रजी अक्षरं सांगतात की धातूला कोणत्या प्रकारचे प्रत्यय लागतात: पी (P) म्हणजे परस्मैपद, ए (A) आत्मनेपद, यू (U) उभयपद, म्हणजे दोन्ही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पहिला अर्थ उचलून पळू नका. अर्थांना नंबर आहेत आणि बऱ्याच अर्थांपुढं कालिदास वगैरेंच्या ग्रंथातली ओळ दिलीय, आर (R) म्हणजे रघुवंश, केयू (Ku) म्हणजे कुमारसंभव. ती ओळ वाचा, आपल्या वाक्याशी जुळवून बघा आणि मगच अर्थ ठरवा, माझ्या मते कोशाची खरी श्रीमंती या ओळींत आहे आणि संस्कृत वाक्य लिहायला शिकायचं असेल तर त्या वहीत उतरवून घ्या.

विकत घेणं जमत नसेल तर जर्मनीच्या कोलोन युनिव्हर्सिटीच्या साइटवर 1890 ची आवृत्ती फुकट शोधता येते, मोबाइलवर पण चालते.