वाइनच्या बाटलीवरचं ‘ड्राय’ कसं वाचायचं?

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला वाइन टेस्टिंगला गेलात की ‘ही ड्राय आहे’ हे हमखास कानावर पडतं. पातळ पदार्थ ड्राय कसा? इथे ड्राय म्हणजे गोड नसलेली. द्राक्षातली जवळपास सगळी साखर यीस्टने खाऊन तिचं अल्कोहोल केलेलं असतं. रेड वाइनने तोंड आवळल्यासारखं होतं ते टॅनिन या तुरट घटकामुळे, तो वेगळा विषय.

खरी गोची स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणाऱ्या, वाइनच्या लेबलवर आहे. युरोपीय नियमांनुसार ‘ब्रूट’मध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये 12 ते 17 ग्रॅम आणि नुसत्या ‘ड्राय’मध्ये चक्क 17 ते 32! (ही नावं ठरवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.) तेव्हा गोड नको असेल तर सरळ ब्रूट मागा.

‘ड्राय’ हा शब्द जुन्या इंग्रजीतला. जर्मन ‘ट्रोकन’ त्याचाच भाऊबंद, दुष्काळाचा ‘ड्राउट’ही त्याच मुळातला. ‘ड्राय ह्यूमर’ म्हणजे मख्ख चेहऱ्याने मारलेली कोपरखळी, ‘ड्राय रन’ म्हणजे तालीम. ‘ड्राय डे’चा अर्थ सांगायला नकोच, फक्त टेस्टिंगचा बेत आखण्याआधी कॅलेंडर बघून घ्या.