दिसायला सुबक, ऐकायला निरर्थक : ऑनलाइन नोट्समधील या चुका टाळा

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या अर्थशास्त्राच्या नोट्स मी एका दृष्टिहीन विद्यार्थिनीशेजारी बसून ऐकल्या. पडद्यावर पान अगदी सुबक दिसत होते; मात्र तिच्या लॅपटॉपवरील एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ‘मागणीचा नियम’ या शीर्षकाच्या जागी सुटी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे वाचून दाखवली. मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी युनिकोड ही प्रमाण पद्धत न वापरणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता, आणि अशा फॉन्टमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसत असली, तरी फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. मराठी अभ्याससाहित्यातील ही सर्वांत घातक चूक आहे असे मी मानते, कारण नोट्स तयार करणाऱ्या शिक्षकाच्या ती कधीच लक्षात येत नाही.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावी. भलतीच चिन्हे उमटली, तर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे व रफार स्वतः वाचून दुरुस्त करावेत. ओळ सिलेक्टच होत नसेल, तर ते पान म्हणजे केवळ छायाचित्र आहे. त्याचे ओसीआर करावे लागेल, म्हणजे सॉफ्टवेअरने चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करावा लागेल, आणि ‘घ’चा ‘ध’ किंवा ‘भ’चा ‘म’ झालेला नाही ना, हेही पाहावे लागेल.

शीर्षक नुसते ठळक करू नये, त्याला हेडिंगची स्टाइल द्यावी. तरच स्क्रीन रीडरच्या ब्राउझ मोडमध्ये (पान वाचत फिरण्याच्या स्थितीत) ‘एच’ दाबून विद्यार्थ्याला थेट पुढच्या शीर्षकावर जाता येते. आलेखाला ‘आकृती 3’ एवढाच पर्यायी मजकूर (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो ते वर्णन) देणे व्यर्थ आहे. ‘किंमत वाढते तशी मागणी घटते, वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो’ असे लिहिले, तर आलेख समजतो. व्हिडिओमध्ये ‘हे इथून इथे येते’ असे न म्हणता त्या गोष्टीचे नाव घ्यावे, आणि आपोआप तयार झालेली कॅप्शन्स, विशेषतः पारिभाषिक शब्द, कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी तपासून घ्यावीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016च्या कलम 42मध्ये सुगम स्वरूपातील साहित्य आणि कॅप्शन्स यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

फिकट करड्या अक्षरांऐवजी पार्श्वभूमीशी किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट (अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे गुणोत्तर) असलेली अक्षरे वापरावीत. सराव चाचणी प्रकाशित करण्यापूर्वी माउस बाजूला ठेवून केवळ टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळा यांच्या साहाय्याने ती स्वतः पूर्ण सोडवावी. जिथे आपण अडकतो, तिथेच हात नीट न चालणारा विद्यार्थीही अडकणार असतो.